रेडिएटरचा फॅन: ठरवणारा प्रवाह वेगळा, राबणारा प्रवाह वेगळा

गाडी मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने पळत असते तेव्हा रेडिएटरच्या फॅनला जवळजवळ काहीच काम नसतं. समोरून येणारा वाराच कूलंट (इंजिनची उष्णता वाहून नेणारं पाणी) थंड ठेवायला पुरतो. फॅन लागतो तो गाडी सिग्नलला उभी असताना, गर्दीत मुंगीच्या पावलांनी सरकताना, नाहीतर चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळताना. म्हणजे इंजिनचे फेरे कमी असतात, नेमकी तेव्हाच हवेची गरज जास्त असते.

जुन्या गाड्यांमधला पट्ट्यावर फिरणारा फॅन इथेच कमी पडायचा. इंजिन जोरात तर फॅन जोरात, इंजिन मंद तर फॅनही मंद. हायवेवर गरज नसताना ताकद खायचा आणि गर्दीत गरज असताना ढिम्म. पुढे पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या आल्या आणि इंजिन आडवं बसू लागलं. क्रँकशाफ्टचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) तोंड रेडिएटरऐवजी चाकाकडे वळलं, तेव्हा पट्ट्यावरचा फॅन रेडिएटरमागे बसवणंही अवघड झालं. विजेवर चालणाऱ्या फॅनने दोन्ही अडचणी सुटल्या. पण त्याबरोबर दोन नवे प्रश्न आले: फॅन कधी फिरवायचा हे कोण ठरवणार, आणि त्याला लागणारी भरमसाट वीज कुठल्या वाटेने नेणार?

फॅनच्या वायरिंगमधल्या बहुतेक भानगडी हे दोन प्रश्न एकत्र कालवल्यामुळे होतात. त्यामुळे ते शेवटपर्यंत वेगळेच ठेवू.

वीज लागते तरी किती?

साध्या प्रवासी गाडीचा एक फॅन चालताना १० ते ३० अँपिअर ओढतो. सोयीसाठी २० धरू. इंजिन चालू असताना गाडीतला व्होल्टेज साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास असतो. साडेतेरा गुणिले वीस म्हणजे २७० वॅट. पुढचे दोन्ही हॅलोजन हेडलाइट मिळूनही साधारण ११० वॅटच घेतात. स्टार्टर सोडला तर गाडीतल्या सर्वांत खादाड विद्युत उपकरणांमध्ये या फॅनची गणना होते.

आणि हे झालं फिरत्या फॅनचं. उभ्या मोटरला पहिला धक्का देताना प्रवाह क्षणभर याच्या काही पट होतो. सेकंदाच्या छोट्या अंशात तो खाली येतो, पण तेवढ्यात अगदी काठावर निवडलेला फ्यूज उडतो आणि हलक्या स्विचच्या संपर्कबिंदूंवर ठिणगी पडते. दर वेळी थोडा थोडा जळत तो स्विच एक दिवस चिकटून बसतो किंवा कायमचा उघडा राहतो.

म्हणून डॅशबोर्डवरच्या स्विचमधून किंवा रेडिएटरमधल्या तापमानाच्या स्विचमधून फॅनची सगळी वीज थेट न्यायची नाही. काही जुन्या गाड्यांत कारखान्यातूनच तशी रचना यायची. तिथे फॅन लहान आणि स्विच दणकट असायचा. आज कुणी मोठा फॅन बसवून तीच वाट वापरत असेल तर तो स्विच फार दिवस टिकणार नाही.

मधला माणूस: रिले

यावर उपाय म्हणजे रिले. त्याच्या आत तांब्याच्या बारीक तारेची एक कॉइल असते. तिला वीज मिळाली की ती चुंबक बनते, एक पट्टी ओढून घेते आणि दोन जाड संपर्क जुळतात. कॉइलला लागतात जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर, आणि तेवढ्यावर संपर्कांतून ३० किंवा ४० अँपिअर जाऊ शकतात. हुकूम देणारी वायर बारीक चालते आणि हवी तिथे फिरवता येते. काम करणारी वायर जाड लागते आणि ती बॅटरी ते फॅन एवढीच असते.

रिलेच्या पायांवर आकडे असतात आणि ते बहुतेक ठिकाणी सारखेच, कारण ते डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकातून आले आहेत. ३० म्हणजे बॅटरीकडून थेट येणारी वीज. ८७ म्हणजे फॅनकडे जाणारी. ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं. पाच पायांच्या रिलेवर मधोमध आणखी एक पाय असतो, त्यावर बहुधा ८७ए लिहिलेलं असतं. रिले झोपलेला असताना ३० हा ८७एला जोडलेला असतो आणि जागा झाला की ८७ला. घाईत फॅनची वायर ८७एवर लागली तर फॅन उलटा वागतो: गार इंजिनवर फिरत राहतो आणि इंजिन तापलं की बंद पडतो. काही पाच पायांच्या रिलेंवर मधला पायसुद्धा ८७च असतो, त्यामुळे रिले बदलताना नुसती पायांची संख्या मोजून भागत नाही. अंगावर छापलेलं छोटं चित्र वाचावं लागतं.

कॉइलची वीज तोडली की तिचं चुंबकत्व कोसळतं आणि उलट्या दिशेने व्होल्टेजचा एक झटका येतो. १२ व्होल्टच्या कॉइलमधून शंभराच्या वरचा झटका सहज निघतो. साध्या स्विचला त्याने फार काही होत नाही, पण कॉइल ईसीयू (इंजिनचा संगणक) चालवत असेल तर त्याच्या आतला ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. म्हणून बऱ्याच रिलेंमध्ये कॉइलला समांतर एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा तुकडा) किंवा रेझिस्टर (वीज अडवणारा रोध) असतो. डायोडवाल्या रिलेला दिशा असते. त्याचं प्लस-मायनस उलटं जोडलं तर वीज कॉइलऐवजी सरळ डायोडमधून धावते, म्हणजे जवळपास शॉर्टच. अशा रिलेवर सहसा ८६ला प्लस आणि ८५ला मायनस लागतो. खात्री त्या छापील चित्रावरूनच करावी.

जाड वायर, जवळचा फ्यूज, चोख अर्थ

वायर निवडताना लोक विचारतात, "जळणार तर नाही ना?" हा प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा. न जळणारी वायरसुद्धा फॅनला उपाशी ठेवू शकते.

हिशोब सोपा आहे. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरचा एका मीटरला रोध साधारण ०.०१७ ओहम. बॅटरीपासून फॅन तीन मीटर दूर आहे असं धरा. वीज जाते तीन मीटर आणि परतही येते तीन मीटर, म्हणजे एकूण सहा. रोध झाला ०.१ ओहमच्या जरा वर. त्यातून २० अँपिअर गेले की वाटेतच दोन व्होल्ट गळतात. फॅनला मिळतात साडेतेराऐवजी साडेअकरा, आणि त्या वायरीत मुरतात सुमारे ४० वॅट, म्हणजे एका सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता. तीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर गळती ०.८ व्होल्टवर येते, चारची घेतली तर अर्ध्या व्होल्टच्या आसपास.

दोन व्होल्टचं एवढं काय मोठंसं, असं वाटेल. पण मोटरचा वेग ढोबळमानाने व्होल्टेजबरोबर उतरतो. साडेतेराचे साडेअकरा झाले तर वेग आणि वाहणारी हवा सुमारे पंधरा टक्क्यांनी घटते. फॅन मात्र डोळ्यांना झकास फिरताना दिसतो. मग गाडी गरम का होतेय म्हणून थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारी कूलंटची वाट उघडणारी झडप) बदलला जातो, रेडिएटर धुतला जातो, वॉटर पंपावर संशय घेतला जातो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून आधी फॅनच्या टोकांवर किती व्होल्ट पोहोचतात ते मोजावं.

फ्यूज फॅनला वाचवण्यासाठी असतो असा समज आहे. फ्यूज वायरीला वाचवतो. बॅटरीच्या प्लसपासून निघालेली जाड वायर कुठे घासली, तिचं प्लास्टिक कापलं गेलं आणि तांबं बॉडीला टेकलं, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतायला तयारच असते. अशा वेळी आग लागू नये यासाठी फ्यूज. त्यामुळे तो बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, वीतभर अंतरात असेल तर उत्तम. फ्यूज पार फॅनजवळ बसवला तर बॅटरी ते फ्यूज एवढी सगळी वायर उघड्यावर पडते. आकार निवडताना चालू प्रवाहाच्या सव्वा ते दीड पट धरतात; २० अँपिअरच्या फॅनला २५ किंवा ३०चा. आणि वायर फ्यूजपेक्षा सशक्त हवी, फ्यूज वायरीपेक्षा नव्हे. ३०चा फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणी ४०चा घातला, तर उडण्याचं कारण तसंच राहतं आणि तापण्याची पाळी वायरीवर येते.

अर्थ, म्हणजे वीज बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी वाट, हा तर सावत्र भाऊच. प्लसची वायर जाड घेतात, फ्यूज चांगला घेतात, आणि मायनस मात्र जवळच्या कुठल्याही स्क्रूखाली रंगावरच दाबून मोकळे होतात. जेवढा प्रवाह जातो तेवढाच परत यावा लागतो. अर्थची वायर प्लसएवढीच जाड हवी, तिच्या टोकाला लग (धातूचं कडं) हवं आणि ती जिथे लागते तिथला रंग-गंज खरवडून चकचकीत पत्रा दिसायला हवा. बॅटरीच्या मायनसपर्यंत थेट नेता आली तर प्रश्नच मिटला.

जोडणीबद्दल एवढंच सांगतो: दोन वायरी पिळून वर टेप गुंडाळणे हे काम बॉनेटखालच्या उष्णतेत आणि थरथरीत टिकत नाही. योग्य मापाचं लग, नीट दाबून केलेलं क्रिंप आणि वर आकसणारी नळी, इतकं पुरेसं आहे. कनेक्टरचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं किंवा वितळलेलं दिसलं तर केवळ कनेक्टर बदलून थांबू नका. तो आतून सैल झाला होता, किंवा म्हातारी मोटर प्रमाणाबाहेर प्रवाह ओढत होती. यातलं नक्की काय, ते कळेपर्यंत नवा कनेक्टरही त्याच वाटेने जाणार.

फॅन कधी लागावा?

इथे एक साखळी आहे आणि तिच्यातला क्रम मोडला की सगळं बिघडतं. पहिला येतो थर्मोस्टॅट. तो ८२ अंशांचा असेल तर ८२ला उघडायला लागतो, पूर्ण उघडायला आणखी दहाएक अंश घेतो. तोवर गरम कूलंट रेडिएटरकडे पुरेसं पोहोचतच नाही. फॅनचा नंबर त्यानंतर. त्याहून वर कूलंट उकळण्याचं तापमान. रेडिएटरचं झाकण साधारण एक बार जादा दाब धरून ठेवत असेल तर साधं पाणीही १२० अंशांच्या आसपासच उकळतं, आणि ग्लायकॉल मिसळलेलं कूलंट आणखी वर. गरम गाडीचं झाकण उघडू नये ते याचसाठी: दाब सुटला की शंभराच्या वर गेलेलं पाणी एका क्षणात उकळून अंगावर येतं.

फॅनचा आकडा थर्मोस्टॅटच्या खाली ठेवला तर फॅन कधी बंदच होणार नाही. थर्मोस्टॅट इंजिनला ८८वर आणू पाहतो आणि फॅन ८५लाच धावून येतो; असा फॅन दिवसभर फिरून स्वतःचं आयुष्य कमी करतो, इंजिन काही ८५वर येत नाही. "गाडी गरम होते म्हणून फॅन लवकर लागेल असं केलं" हा उपाय म्हणूनच बहुतेक वेळा उपाय नसतो. फॅन लागूनही तापमान चढत असेल तर दुखणं दुसरीकडे आहे.

सुरू होण्याचा आणि बंद होण्याचा आकडा वेगळा ठेवावा लागतो. ९२ला चालू आणि ८७ला बंद, अशा जोड्या थर्मो स्विचच्या, म्हणजे तापमानाच्या स्विचच्या, अंगावर कोरलेल्या सापडतात. दोन्ही आकडे एकच असते तर फॅन दर काही सेकंदांनी लागत-सुटत राहिला असता आणि रिलेचे संपर्क महिन्याभरात भाजून निघाले असते.

स्विच कुठे बसवला आहे यावरही आकड्याचा अर्थ बदलतो. इंजिनमधून बाहेर पडणारं कूलंट सर्वांत गरम असतं, रेडिएटरमधून परतणारं दहा-पंधरा अंशांनी किंवा जास्तही थंड. त्यामुळे परतीच्या बाजूला ९२चा स्विच लागला याचा अर्थ इंजिनच्या तोंडाशी शंभराच्या पुढचा पारा. परतीच्या बाजूचा स्विच एक गोष्ट फार चांगली सांगतो: रेडिएटरला काम झेपतंय की नाही. इंजिनच्या बाजूचा स्विच इंजिनची प्रकृती सांगतो. दोन्ही जागा योग्य आहेत, फक्त एकीचा स्विच दुसरीकडे बसवायचा नाही.

साधा थर्मो स्विच रिलेच्या कॉइलचं मायनस जोडतो. एका वायरीच्या स्विचमध्ये हे मायनस स्विचच्या आट्यांमधून बॉडीला मिळतं. त्या आट्यांवर गळती थांबवायला सढळ हाताने टेफ्लॉन टेप गुंडाळली की अर्थ तुटतो, आणि नवाकोरा स्विच पहिल्या दिवसापासून मुका राहतो. कूलंट कमी असेल आणि स्विच हवेच्या बुडबुड्यात अडकला असेल तरीही तसंच. गरम पाण्याइतक्या लवकर हवा त्याला तापवत नाही, आणि इंजिन उकळत असताना स्विच निवांत असतो.

आजच्या गाड्यांत हा निर्णय ईसीयू घेतो. त्याला स्विच नसतो, सेन्सर असतो: तापमान वाढलं की ज्याचा रोध कमी होतो असा एक छोटा थर्मिस्टर. ईसीयूला सतत आकडा कळत राहतो, त्यामुळे तो एसी, वेग, इंजिनवरचा भार असं सगळं पाहून ठरवतो. यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे बिघाडाच्या वेळची वागणूक. सेन्सरची वायर निघाली तर बऱ्याच गाड्यांचा ईसीयू फॅन पूर्ण वेगाने सोडून देतो. कळत नाही म्हणजे धोका आहे, असं तो गृहीत धरतो. जुना थर्मो स्विच नेमका उलटा. त्याची वायर निघाली की फॅन गप्प आणि कुणाला पत्ताही नाही. म्हणून स्वतः वायरिंग करणाऱ्याने रिलेच्या ८७ पायावरून डॅशबोर्डवर एक छोटा दिवा जरूर घ्यावा. फॅनला वीज निघाली हे तो सांगेल. फॅन खरंच फिरतोय का, हे मात्र तो सांगू शकत नाही.

हाताने चालवायचा स्विच हवा असेल तर तो थर्मो स्विचला समांतर जोडावा, म्हणजे त्याने फॅन चालू करता येईल पण बंद करता येणार नाही. बंद करता येणारा स्विच कधीतरी बंदच राहून जातो. याला एक खरा अपवाद आहे: खोल पाण्यातून गाडी नेणारे लोक फॅन मुद्दाम थांबवतात, कारण फिरती पाती पाण्यात रुतली की वाकून रेडिएटरवर घासू शकतात.

दोन वेग, दोन फॅन

फॅनचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण लागणारी ताकद ढोबळमानाने आठव्या हिश्श्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. दोन वेगांचा सगळा अट्टहास या हिशोबावर उभा आहे. बहुतेक वेळा अर्धा वेग पुरतो, आवाज कमी, वीज थोडी, आणि पूर्ण वेग कठीण प्रसंगासाठी शिल्लक.

वेग कमी करायची सर्वांत साधी तऱ्हा म्हणजे वाटेत एक जाडजूड रेझिस्टर. तो वीज उष्णतेत घालवतो, म्हणून त्याला फॅनच्याच हवेत बसवतात. तो तापून-निवून एक दिवस तुटतो. मग लक्षण असं दिसतं: कमी वेग गायब, जास्त वेग शाबूत. गाडीचा फॅन हल्ली उशिरा लागतो आणि एकदम घोंगावत लागतो, अशी तक्रार असेल तर आधी हा रेझिस्टर बघावा.

दोन फॅनच्या गाड्यांमध्ये यापेक्षा देखणी युक्ती असते. कमी वेगाला दोन्ही फॅन एकामागे एक जोडतात, म्हणजे प्रत्येकाला निम्मा व्होल्टेज. जास्त वेगाला दोघांना स्वतंत्र पूर्ण व्होल्टेज. यासाठी तीन रिले लागतात. पहिला रिले बॅटरीची वीज पहिल्या फॅनला देतो. पहिल्या फॅनची दुसरी वायर जाते दुसऱ्या रिलेच्या ३०वर, आणि हा पाच पायांचा असतो. तो झोपलेला असताना ८७एमधून वीज पुढे दुसऱ्या फॅनला मिळते आणि तिथून अर्थला, झाली साखळी. जास्त वेग हवा की दुसरा रिले जागा होतो आणि पहिल्या फॅनचं ते टोक ८७मधून सरळ अर्थला नेतो. त्याच क्षणी तिसरा रिले दुसऱ्या फॅनला बॅटरीची स्वतंत्र वीज देतो. या रचनेत एका फॅनची मोटर मेली तर कमी वेगावर दोन्ही फॅन थांबतात, कारण साखळीच तुटते. धडधाकट फॅनसुद्धा फिरत नाही म्हणून दोन्ही मोटरी बदलू नका. जास्त वेग लावून बघा, जो फिरेल तो चांगला.

तिसरी पद्धत पीडब्ल्यूएमची. यात इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर वीज सेकंदाला अनेकदा चालू-बंद करतो आणि चालू काळाचं प्रमाण बदलून फॅनला हवा तो वेग देतो. सुरुवात हळू होत असल्यामुळे तो पहिला मोठा धक्काही बसत नाही. फक्त वेग बदलण्यासाठी साधा रिले असा भराभर चालू-बंद करता येत नाही, त्याला मॉस्फेट (भराभर चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) लागतो आणि मॉस्फेटला थंड राहायला अॅल्युमिनियमचा कंगव्यासारखा तुकडा. ब्रश नसलेल्या नव्या फॅनमध्ये हे सगळं मोटरच्या पोटातच असतं. दोन जाड वायरी आणि एक-दोन बारीक, एवढंच बाहेर दिसतं. अशा फॅनच्या बारीक वायरीला चाचणी म्हणून बॅटरीचा प्लस लावणं टाळा.

एसीची भर

एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे बसतो आणि त्यालाही हवा लागते, इंजिन थंड असलं तरी. म्हणून एसी लागला की फॅन लागतो. जुन्या गाडीत हे स्वतः जोडताना एक चूक हमखास होते. थर्मो स्विच मायनसऐवजी प्लस जोडणारा असेल, तर कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडणाऱ्या क्लचची प्लस वायर आणि तापमानाकडून येणारी प्लस वायर दोन्ही थेट रिलेच्या कॉइलवर एकत्र बांधल्या जातात. मग इंजिन तापून फॅन लागला की वीज उलट्या वाटेने क्लचकडेही धावते आणि एसी बंद असताना कॉम्प्रेसर लागतो. प्रत्येक वायरीत एक डायोड घातला की वीज रिलेकडे जाऊ शकते, शेजाऱ्याकडे नाही.

गाडी उभी, एसी चालू, हेडलाइट चालू, फॅन पूर्ण वेगात: हा अल्टरनेटरसाठी सर्वांत वाईट क्षण. उभ्या गाडीत मंद फिरणाऱ्या इंजिनवर तो आपल्या छापील क्षमतेच्या बराच खाली असतो. मोठा फॅन बसवण्याआधी उभ्या गाडीत सगळं चालू करून बॅटरीवर व्होल्टेज मोजावा. तेराच्या खाली घसरत राहिला तर वीज बॅटरीतून जातेय आणि फॅन हळूहळू मंदावणार आहे.

चावी काढल्यावर

कॉइलची वीज इग्निशनवरून घ्यावी की थेट बॅटरीवरून? इग्निशनवरून घेतली तर चावीबरोबर फॅन बंद. बॅटरीवरून घेतली तर कूलंट निवेपर्यंत फॅन फिरत राहतो. मला पहिली पद्धत जास्त पसंत आहे. इंजिन थांबलं की पट्ट्यावरचा वॉटर पंपही थांबतो, आणि फॅन फक्त रेडिएटरमधलं पाणी गार करत बसतो. इंजिनमधलं पाणी तिथे फारसं पोहोचत नाही. २० अँपिअरने दहा मिनिटं म्हणजे तीन अँपिअर-तासांपेक्षा जास्त, थकलेल्या बॅटरीला तेवढंही महाग. पण अनेक गाड्यांत कारखान्यातूनच फॅन नंतर काही काळ चालतो. म्हणून बंद गाडीचं बॉनेट उघडलं तरी पात्यांच्या जवळ हात घालू नये. आधी बॅटरीचं मायनस काढावं.

फॅनची मुख्य वीज मात्र इग्निशनच्या ओळीवरून कधीच घेऊ नये. चावी बंद केल्यावरही भरात असलेला फॅन काही क्षण जनरेटरसारखा वीज तयार करतो, ती त्या ओळीत मागे शिरते, आणि काही गाड्यांत इंजिन चावी बंद करूनही दोन-चार सेकंद चालत राहतं. मुख्य वीज बॅटरीवरून रिलेमार्गे घेतली तर ही वाटच राहत नाही.

फॅन फिरत नाही तेव्हा

पहिली चाचणी मोटरची. कनेक्टर काढून साध्या दोन वायरींच्या मोटरला बॅटरीची वीज फ्यूजमधून थेट द्या. फिरली नाही, किंवा टकटक केल्यावरच फिरली, तर कार्बन ब्रश झिजलेत. फिरली तर मोटर सोडून पुढे जा. थर्मो स्विचची गाडी असेल तर त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडा, आणि एकच वायर असेल तर ती अर्थला लावा. फॅन लागला तर दोष स्विचमध्ये किंवा कूलंटच्या पातळीत. लागला नाही तर रिलेचा आवाज ऐका. टक वाजतो पण फॅन नाही, म्हणजे हुकूम पोहोचतोय आणि जाड वाटेत कुठेतरी तुटलंय: फ्यूज, ३० पायावरची वीज, संपर्क, अर्थ. टकच नाही, म्हणजे बारीक वाट तपासायची. ईसीयू असलेल्या गाडीत मात्र स्कॅनरवरून फॅन लावून बघणं बरं. तिथल्या बारीक वायरी अंदाजाने जोडत बसू नये.

या गडबडीत "फॅन डायरेक्ट करून घ्या" असा सल्ला मिळतो, म्हणजे चावी लावली की फॅन सतत चालू. घरी पोहोचण्यापुरतं ते ठीक. पण तसंच महिनोन्‌महिने ठेवलं तर थंड सकाळी इंजिन तापायला वेळ लागतो, मोटर आधी झिजते, आणि मूळ बिघाड कोणता होता ते विसरलंच जातं.

मोटर बदलल्यावर फॅनची दिशा तपासा. दोन वायरी अदलाबदल झाल्या तर फॅन फिरतो, पण हवा उलटी फेकतो, आणि गाडी पळू लागली की समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच झुंजतो. इंजिनच्या बाजूला बसवलेल्या फॅनने हवा रेडिएटरमधून आत ओढायला हवी. रेडिएटरच्या समोर कागद धरला की तो जाळीला चिकटतो का, एवढं पाहिलं की कळतं. पाती एकाच दिशेसाठी वळवलेली असतात, म्हणून पुढे बसवायचा फॅन मागे लावून नुसत्या वायरी उलट्या करणं हा अर्धाच इलाज ठरतो. आणि फॅनभोवतीचं श्राउड (हवेला वाट दाखवणारं आवरण) फेकून देऊ नका. ते नसेल तर पात्यांसमोरचा गोल सोडून उरलेल्या रेडिएटरमधून फॅन जवळजवळ काहीच हवा खेचत नाही.

शेवटची मोजणी मल्टीमीटरने, फॅन पूर्ण वेगात असताना. बॅटरीच्या प्लसपासून फॅनच्या प्लसपर्यंत किती व्होल्ट दिसतात ते पाहा, मग फॅनच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. दोन्हीकडे पाव व्होल्टच्या आसपास असेल तर काम चोख. एका बाजूला जास्त दिसला तर तीच बाजू पकडून मीटरची टोकं एकेक जोडणी जवळ आणत जा. ज्या जोडणीच्या दोन्ही बाजूंना मीटरचा काटा उडी मारतो, ती सोडवून घासून पुन्हा बांधा.